गुणतक्त्याचे गणित आणि प्रेक्षकाचा हक्क

आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत एक तक्रार हमखास ऐकू येते. आजच्या तरुणाला सार्वजनिक प्रश्नांत रस राहिलेला नाही. महागाई, बेकारी, शिक्षणाचा बाजार यांविषयी बोलू लागले की तो जांभई देतो, आणि सामन्याचा विषय निघाला की मात्र त्याच्या डोळ्यांत चमक येते, अशी ती तक्रार. खेळ ही जनतेला गुंगवून ठेवण्याची अफू आहे, असा निष्कर्ष काढून मंडळी चहाचे कप खाली ठेवतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. ही तक्रार करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे होता. ती किती उथळ आहे याची जाणीव त्याला कोणत्या अभ्यासवर्गात झाली नाही, तर उचगावच्या एका चहाच्या टपरीवर झाली. तो प्रसंग सांगून त्यातून निघणारा प्रश्न साथींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दिवस १५ एप्रिल २०२४ चा, सोमवारचा. आदल्या दिवशी बाबासाहेबांची जयंती झालेली. लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती. कोल्हापूरचे मतदान ७ मे रोजी व्हायचे होते. आम्ही चौघे पत्रके घेऊन उचगावात फिरत होतो. उचगाव हे करवीर तालुक्यातले गाव. पण एका अंगाला महामार्ग आणि तावडे हॉटेलचा चौक, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ, असे शहराला चिकटून वसलेले. येथली मुले शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीवर जातात, गांधीनगरच्या दुकानांत मापे घेतात, काही शहरात शिकतात. संध्याकाळी टपरीपाशी अशी दहा-बारा मुले बाकावर आणि गाड्यांवर बसलेली होती. आम्ही पत्रके दिली. त्यांनी ती अदबीने घेतली. पाच मिनिटांनी मागे वळून पाहिले, तर एका मुलाने आमचेच पत्रक उलटे करून त्याच्या कोऱ्या बाजूवर पेनाने तक्ता आखला होता आणि सगळ्यांच्या माना त्या कागदावर झुकल्या होत्या. आमच्यातील एका ज्येष्ठ साथींना ते पाहून वाईट वाटले. मी जवळ जाऊन कागदात डोकावलो, आणि तासभर तेथून हललो नाही.

त्या रात्री कोलकात्यात मोहन बागान आणि मुंबई सिटी यांच्यात इंडियन सुपर लीगच्या साखळीतील अखेरचा सामना होता. मुंबईचे ४७ गुण होते, बागानचे ४५. गोव्याच्या संघाने आपले सर्व २२ सामने संपवले होते आणि त्याचेही ४५ गुण झाले होते. स्पर्धेची रचना अशी होती की, साखळीत पहिले दोन क्रमांक मिळवणारे संघ थेट उपांत्य फेरीत जात. तिसऱ्याला सहाव्याशी आणि चौथ्याला पाचव्याशी एकेक सामना खेळून पुढे यावे लागे, आणि हा सामना वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर होई. क्रमांकानुसार पुढची वाट सोपी वा अवघड ठरवण्याच्या या पद्धतीला मानांकन म्हणतात. वरचा क्रमांक म्हणजे केवळ मान नव्हे. त्यात घरचे मैदान आहे, विश्रांतीचे चार दिवस आहेत आणि एक धोक्याचा सामना टळणे आहे.

मुले नेमके हेच गणित मांडत होती. मुंबई जिंकली तर तिचे ५० गुण होऊन ती पहिली येणार. मग बागान व गोवा ४५ गुणांवर बरोबरीत राहणार आणि दुसरा कोण, हे त्या दोघांमधील परस्परांच्या सामन्यांवरून ठरणार. गोव्याने डिसेंबरात कोलकात्यात बागानला ४–१ ने हरवले होते आणि बागानने फेब्रुवारीत गोव्यात १–० ने परतफेड केली होती; म्हणजे दोघांचा एकेक विजय, पण गोल गोव्याचे ४ आणि बागानचे २. तेव्हा मुंबईच्या विजयाने गोवा दुसरा येऊन थेट उपांत्य फेरीत जाणार. सामना बरोबरीत सुटला तर मुंबई ४८, बागान ४६, आणि गोवा तिसरा. बागान जिंकला तर त्याचे ४८, मुंबई ४७ वरच, आणि तरीही गोवा तिसराच. तीन निकाल, तीन तक्ते. हे सारे कागदावर उतरायला त्या मुलाला, जो दिवसा गांधीनगरात कापड मोजतो, तीन मिनिटेही लागली नाहीत.

पण मला थांबवून धरले ते या बेरीज-वजाबाकीने नव्हे. बेरीज झाल्यावर वाद सुरू झाला, आणि तो वाद न्यायाचा होता. “गोव्यानं आपलं काम केलं, आता दुसऱ्याच्या जिवावर बसायचं, हे बरोबर हाय का?” असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, “भावा, गोव्याला बावीस सामनं मिळालंत की. तिथं गुण सोडलं, मग आता रडायचं कशाला?” तिसऱ्याचा मुद्दा आणखी वेगळा होता. सहा महिने राबून जो पहिला आला त्याला शेवटी पुन्हा बाद फेरीत उभे करायचे आणि एका संध्याकाळच्या खेळावर विजेता ठरवायचा, ही पद्धतच त्याला मान्य नव्हती. त्यावर चौथ्याचे उत्तर असे की, बाद फेरी नसेल तर सहाव्या क्रमांकाच्या गरीब संघाला आशा कशाची? गुणवत्ता आणि संधी, सातत्य आणि एका क्षणाचे कर्तृत्व, नियमाचे काटेकोर पालन आणि दुर्बलाला द्यायची सवलत, या मुद्द्यांवर आमच्या अभ्यासवर्गात वक्ता शोधावा लागतो. येथे वक्ते दहा होते आणि श्रोता मी एकटा.

त्या रात्रीचा निकाल वाचकांना आठवत असेल. बागानने मुंबईला २–१ ने हरवले. बागानचा पहिला गोल लिस्टन कोलासो या गोव्याच्या खेळाडूने केला. त्याच्याच गोलाने गोव्याच्या संघाची दुसऱ्या क्रमांकाची आशा मावळत गेली. बागानला ४८ गुणांसह साखळीचे शील्ड मिळाले. गोवा तिसरा राहिला. सहाव्या क्रमांकाच्या चेन्नईयिनला त्याने साखळीच्या अखेरच्या सामन्यात ४–१ ने हरवले होते. त्याच संघाशी आठवड्याच्या आत पुन्हा खेळून, २–१ ने जिंकून, तो उपांत्य फेरीत पोचला. तेथे २४ एप्रिल रोजी स्वतःच्या मैदानावर नव्वदाव्या मिनिटापर्यंत २–० ने पुढे असताना मुंबईने अखेरच्या काही मिनिटांत तीन गोल करून सामना हिरावून नेला. परतीच्या सामन्यातही मुंबई जिंकली, आणि ४ मे रोजी कोलकात्याच्या ज्या मैदानावर तिने शील्ड गमावले होते, त्याच मैदानावर बागानला ३–१ ने हरवून तिने करंडक जिंकला. साखळीत पहिला एक आणि विजेता दुसरा! उचगावच्या टपरीवरील तिसऱ्या मुलाचा आक्षेप एकोणीस दिवसांत असा प्रत्यक्षात उतरला.

या मुलांना हे येते कोठून? त्याचे उत्तर कोल्हापूरच्या मातीत आहे. या शहराने कुस्ती आणि फुटबॉल या दोन खेळांवर जीव टाकला. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु ज्या तालमींनी मल्ल घडवले त्याच तालमींनी पुढे फुटबॉलचे संघ उभे केले, ही गोष्ट कोल्हापूरबाहेर फारशी कोणी जाणत नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे एखाद्या कंपनीने जाहिरातीसाठी शोधून काढलेली नाहीत. ती पेठांची, गल्ल्यांची, वर्गणी गोळा करणाऱ्या माणसांची नावे आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा सुरू झाली की शाहू स्टेडियमवर हजारो माणसे जमतात आणि हंगामाच्या अखेरीस कोणाला किती गुण हवेत, कोण कोणाला अडवेल, कोण खालच्या गटात घसरेल, याची आकडेमोड पेठेच्या कट्ट्यावर, रिक्षा थांब्यावर, सलूनमध्ये चालते. उचगावसारख्या भोवतालच्या गावांतील मुले कोणत्याही पेठेत राहत नाहीत. पण प्रत्येकाची एक पेठ ठरलेली असते. देशाच्या स्पर्धेचा तक्ता त्यांना वाचता येतो, कारण तालमीच्या तक्त्यावर ते वाचायला शिकलेले असतात.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळता येणार नाही. आकडेमोड करता येणे म्हणजे विवेक असणे नव्हे. गणित माणसाला न्यायाकडे नेते तसे ते लबाडीकडेही नेते. याचे जगाने पाहिलेले उदाहरण १९८२ च्या विश्वचषकातील आहे. त्या वर्षी अल्जीरियाने बलाढ्य पश्चिम जर्मनीला २–१ ने हरवून साऱ्या आफ्रिकेची मान उंचावली होती. गटातील अल्जीरियाचा शेवटचा सामना २४ जूनला संपला आणि पश्चिम जर्मनी व ऑस्ट्रिया यांचा सामना दुसऱ्या दिवशी, २५ जूनला, स्पेनमधील हिहोन येथे होता. जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर युरोपचे दोन्ही संघ पुढे जाणार आणि अल्जीरिया घरी जाणार, हे दोघांनाही आधीच कळलेले होते. जर्मनीने पहिल्या अकरा मिनिटांतच एक गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलत घालवला. नियमाचा भंग कोठेही झाला नाही. झाला तो फक्त न्यायाचा. अल्जीरियाच्या प्रेक्षकांनी नोटा फडकावून निषेध केला, जर्मनीच्या आणि ऑस्ट्रियाच्या कित्येक प्रेक्षकांनाही आपल्या संघाची लाज वाटली. तक्रार फेटाळली गेली. परंतु १९८६ च्या विश्वचषकापासून गटातील अखेरचे दोन्ही सामने एकाच वेळी खेळवण्याचा नियम आला.

या उदाहरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, अन्याय अनेकदा माणसांच्या दुष्टाव्यातून येतो त्याहून अधिक नियमांच्या रचनेतून येतो. सामने वेगवेगळ्या दिवशी ठेवणाऱ्याने लबाडीला दार उघडे ठेवले. आत शिरणारे शिरले. दुसरी ही की, नियम बदलता येतो. तो आकाशातून पडलेला नसतो. कोणीतरी तो बसून लिहिलेला असतो, आणि ज्यांना त्याची झळ लागते त्यांनी आवाज उठवला तर तो पुन्हा लिहावा लागतो. समाजवादी चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. तरीही खेळाच्या बाबतीत आपण हा विचार कधी करत नाही. नियम कोण लिहितो, हा प्रश्न आपण कारखान्यात विचारतो, बाजार समितीत विचारतो, साखर कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत विचारतो; मैदानावर मात्र विचारत नाही.

तो न विचारल्याचे फळ भारतीय फुटबॉलने २०२५ मध्ये भोगले. इंडियन सुपर लीग ही प्रेक्षकांच्या वा खेळाडूंच्या संघटनेतून उभी राहिलेली स्पर्धा नव्हे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आपले व्यापारी हक्क रिलायन्स आणि आयएमजी यांच्या कंपनीला १५ वर्षांच्या कराराने दिले, आणि त्या करारातून २०१४ मध्ये ही स्पर्धा जन्मली. पैसा आला, दिवे आले, दूरचित्रवाणी आली, हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. खालच्या स्पर्धेतून गुणवत्तेवर वर येण्याची वाट मात्र अनेक वर्षे बंद होती. पंजाबचा संघ २०२३ मध्ये त्या वाटेने पहिल्यांदा वर आला. पुढे कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपायची होती, नव्या अटींवर एकमत होईना, आणि जुलै २०२५ मध्ये कंपनीने संघांना कळवले की येता हंगाम स्थगित आहे. एका पत्राने हंगाम थांबला! महासंघाने नवा भागीदार शोधण्यासाठी निविदा काढली. एकही बोली आली नाही. डिसेंबरअखेर मुंबई सिटीचे परदेशी मालकही संघातील आपला वाटा सोडून बाहेर पडले. शेवटी केंद्र सरकारच्या मध्यस्थीने जानेवारी २०२६ मध्ये तोडगा निघाला आणि १४ फेब्रुवारीपासून १४ संघांची, एकेरी साखळीची, ९१ सामन्यांची आखूड स्पर्धा ठरली. बाद फेरी त्यात नव्हती. ज्या मानांकनासाठी उचगावची मुले माझ्या पत्रकाची पाठ भरत होती, ते मानांकनच त्या हंगामात उरले नाही.

या साऱ्या महिन्यांत कोणी प्रेक्षकाला विचारले का? मालकांच्या बैठका झाल्या, वकिलांचे युक्तिवाद झाले, मंत्र्यांची घोषणा झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये महासंघाची नवी घटना मान्य केली आणि तिच्यात माजी खेळाडूंना स्थान मिळाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण तिकीट काढणारा, पावसात उभा राहणारा, परगावच्या सामन्यासाठी रजा टाकणारा जो माणूस आहे, त्याची आठवण कोणाला झाली नाही. महाराष्ट्रातील प्रेक्षकाला तर याहून कडू अनुभव आहे. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा नामवंत संघ २०१० मध्ये कंपनीने बंद केला. सुपर लीगमधील पुण्याचा संघ २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. तो हैदराबादचा संघही २०२५ मध्ये दिल्लीला नेण्यात आला. गिरणी एका गावातून उचलून दुसऱ्या गावी न्यावी तसे संघ नेले गेले. मागे राहिलेल्या प्रेक्षकाने काय करावे? त्याच्या कपाटातला जर्सीचा रंग बदलत नाही. फक्त त्या रंगाचा संघ उरत नाही.

आता असे म्हणणारे भेटतील की, ज्याचा पैसा त्याची सत्ता. प्रेक्षकाला मत द्यायचे असेल तर त्याने भांडवल आणावे. या युक्तिवादाला जगाने उत्तर दिलेले आहे. जर्मनीत व्यावसायिक संघांना १९९८ पासून कंपन्या काढण्याची मुभा मिळाली; पण त्याबरोबरच असा दंडक घातला गेला की, मतांचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहील. काही अपवाद वगळता तो दंडक टिकला. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील लीगने आपल्या माध्यमहक्कांच्या उत्पन्नात गुंतवणूकदाराला वाटा देण्याचे ठरवले, तेव्हा प्रेक्षकांनी आठवड्यामागून आठवडे मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने अडवले आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने तो बेत सोडून दिला. त्याआधी एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील १२ धनाढ्य संघांनी स्वतःपुरती वेगळी स्पर्धा जाहीर केली. मानांकन मिळवण्याची दगदगच नको, जागा कायमची राखीव असावी, असा तिचा गाभा होता. इंग्लंडचे प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि तीन दिवसांच्या आत तेथील सहाही संघ माघारी फिरले. जे श्रीमंत आहेत त्यांनी कधीच खाली जाऊ नये, ही कल्पना त्या प्रेक्षकांनी अपमान मानून झिडकारली, याला महत्त्व आहे.

परदेशातलेच दाखले कशाला? १९११ मध्ये गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून देशाला अभिमान देणाऱ्या मोहन बागानच्या नावापुढे २०२० मधील विलीनीकरणानंतर दुसऱ्या संघाचे नाव जोडण्यात आले. बागानच्या समर्थकांनी ते कधीच स्वीकारले नाही. फलक लावले, निदर्शने केली, जल्लोषाच्या सामन्यातही निषेध सोडला नाही. २०२३ मध्ये मालकांना ते नाव काढावे लागले. मालकी बदलली नाही हे खरे. पण प्रेक्षक हा केवळ गिऱ्हाईक नाही, एवढे तरी सिद्ध झाले.

दुसरा आक्षेप घरातला आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ज्यांच्या हाती सत्ता द्या म्हणता ते प्रेक्षक मैदानावर एकमेकांची डोकी फोडतात, त्याचे काय? कोल्हापूरने हे पाहिलेले आहे. पेठेचा अभिमान ईर्षेत आणि ईर्षा हाणामारीत उतरली, पोलिसांना मैदानात यावे लागले, सामने थांबले, हे प्रसंग लपवण्यासारखे नाहीत. हेही लपवण्यासारखे नाही की, पेठेच्या वर्गणीवर चाललेला आमचा फुटबॉल आज हळूहळू पुढाऱ्यांच्या आणि देणगीदारांच्या नावाच्या चषकांवर अवलंबून राहू लागला आहे. बाहेरून आणि परदेशातून खेळाडू आणण्याची चढाओढ लागली आहे. तिचा खर्च वर्गणीत भागत नाही, मग आश्रयदाता शोधावा लागतो, आणि आश्रयदात्याला निवडणुकीच्या वेळी तालमीचे ओझे फेडावे लागते. थोडक्यात, दिल्ली-मुंबईत जे एका कंपनीने केले तेच आपल्या पेठेत लहान मापाने होऊ शकते. देणगीदार रुसला आणि चषक बंद पडला, तर तालमीच्या हाती काय राहील? आणखी एक उणीव सांगायलाच हवी. उचगावच्या त्या बाकावर एकही मुलगी नव्हती. कोल्हापुरात मुली फुटबॉल खेळू लागल्या आहेत. पण कट्ट्यावरच्या चर्चेत त्यांना अजून जागा नाही.

पण या दोषांवरचा उपाय प्रेक्षकाला दूर ठेवणे हा नव्हे. तो त्याला जबाबदार करणे हा आहे. ज्याला निर्णयात वाटा नाही त्याच्याकडे घोषणा आणि दगड एवढेच उरते. ज्याने नियम ठरवताना हात वर केलेला आहे तो नियमाचा रखवालदार होतो. सहकाराच्या चळवळीने हा धडा याच जिल्ह्यात शिकवला होता; त्या चळवळीचे पुढे काय झाले याची खंत असली तरी धडा खोटा ठरत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत आणि त्या कोल्हापूरपासूनच सुरू करता येतील. गुण समान झाल्यास क्रमांक कसा लावायचा, बाद फेरीत कोण कोणाशी खेळणार, सामना रद्द झाल्यास गुण कोणाला, हे सारे हंगामाच्या पहिल्या सामन्यापूर्वी मराठीत छापून मैदानाच्या दारावर लावावे, आणि हंगाम सुरू झाल्यावर त्यात कोणासाठीही बदल करू नये. ज्या सामन्यांवर एकमेकांचे क्रमांक अवलंबून आहेत ते अखेरच्या फेरीतील सामने, दुसरे मैदान मिळवून का होईना, एकाच वेळी व्हावेत. ते अगदीच अशक्य असेल तर त्यांचा क्रम चिठ्ठी टाकून ठरवावा. स्पर्धेच्या उत्पन्नाचा आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. तालमींनी परगावच्या समर्थकांनाही अल्प वर्गणीत सभासद करून घ्यावे, म्हणजे उचगाव, पाचगाव, कळंबा येथील मुलेही आपापल्या तालमीच्या सभेत बसू शकतील. आणि मुलींच्या संघांचे सामने त्याच मैदानावर, त्याच मानाने खेळवावेत. यांतील एकाही मागणीला कोट्यवधींची थैली लागत नाही. देशाच्या पातळीवर मागणे एवढेच की, महासंघ पुढे जो कोणता व्यापारी करार करील त्यात हंगाम थांबवण्याचा अधिकार एका पक्षाकडे नसावा, आणि संघांच्या कारभारात नोंदणीकृत समर्थक-संघटनांचा किमान एक प्रतिनिधी असावा.

कार्यकर्त्यांना मात्र वेगळे सांगायचे आहे. आपण लोकांना शहाणे करायला निघतो आणि लोक ज्या विषयात आधीच शहाणे आहेत तो विषय आपल्याला क्षुद्र वाटतो. गुणतक्ता वाचणारा मुलगा अंदाजपत्रकही वाचू शकतो. परस्परांतील सामन्यांचा नियम ज्याला कळतो त्याला प्रभागरचनाही कळेल. ‘सहा महिन्यांची मेहनत एका रात्रीत का पुसावी’ असे जो विचारतो तो उद्या कंत्राटी कामगाराच्या नोकरीबद्दल तोच प्रश्न विचारील, जर कोणी त्याच्या शेजारी बसून, त्याच्या विषयापासून सुरुवात करून, त्याच्याशी बोलले तर. आपण बसत नाही. आपण पत्रक देतो आणि पुढे जातो.

त्या संध्याकाळी निघताना मी त्या मुलाला म्हटले, पत्रकाची दुसरी बाजूही वाच. तो थोडा ओशाळला आणि म्हणाला, “वाचली की, काका. तुमच्यात गणित न्हवतं, म्हणून मागं लिहिलं.” आमचे ज्येष्ठ साथी यावर हसले. मला हसू आले नाही. त्या पत्रकात घोषणा भरपूर होत्या; किती जणांना काय मिळणार, ते कोठून येणार, आणि ते नाही मिळाले तर जाब कोणाला विचारायचा, याचा हिशेब खरोखरच नव्हता. पुढच्या पत्रकात तो असला पाहिजे.